मधुमेही स्त्रियांच्या मानसिक थकव्यासाठी बारा आठवड्यांचे सत्र : राजारामपुरीतील एका केंद्राचे परीक्षण

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. या काळात कोल्हापुरातील तीन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या बाकांवर मी तपासणीसाठी बसले आहे आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच असे, ‘रिपोर्ट आणलाय का?’ आकडा चांगला असला की ‘चालू ठेवा’ आणि वाईट असला की ‘पथ्य पाळत नाही वाटतं’, एवढ्यावर भेट आटोपत असे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ग्लुकोमीटर कपाटात ठेवून दिले आणि दोन महिने बाहेर काढले नाही. विसरले होते असे नाही. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंची औषधे, सगळे वेळच्या वेळी होत होते. फक्त स्वतःच्या बोटाला सुई टोचायची वेळ आली की हात पुढे जात नव्हता. याला आळस म्हणावे की आजार, हे मला ठरवता येईना. तेव्हा एका सहकारी शिक्षिकेने राजारामपुरीतील या मधुमेह केंद्राचे नाव सांगितले, जिथे केवळ स्त्रियांसाठी, साखरेबरोबर मनाचाही विचार करणारे बारा आठवड्यांचे सत्र चालते. मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाव नोंदवले आणि नवरात्रात सत्र पूर्ण केले. पुढील मजकुरात काही तक्रारीही असल्यामुळे केंद्राचे नाव मी देत नाही.

सत्राचे स्वरूप असे की दर शनिवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळेत आठ-दहा स्त्रियांची बैठक होते, ती एक समुपदेशक चालवतात, तीन बैठकींना आहारतज्ज्ञ येतात, आणि याशिवाय प्रत्येकीला समुपदेशकांशी दोनदा व दोन वेळा डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलता येते. या सगळ्याचे शुल्क ४,८०० रुपये आहे आणि रक्ततपासणीचा खर्च वेगळा. आमच्या गटात मी धरून नऊ जणी होतो. सर्वांत लहान तीस वर्षांची, जिला गरोदरपणात आढळलेला मधुमेह बाळंतपणानंतर काही वर्षांनी कायमचा होऊन बसला होता, आणि सर्वांत मोठ्या वडणग्याच्या काकी, वय अडुसष्ट.

पहिल्या भेटीतच या केंद्राचे वेगळेपण दिसले. समुपदेशकांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि विचारले, ‘ताई, या आजारातलं तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?’ अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हते. मग त्यांनी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली पुढे केली. ही प्रश्नावली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात तयार केली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मधुमेहासोबत जगताना कोणती गोष्ट किती त्रासदायक वाटते, हे त्यात शून्य ते चार अशा गुणांनी सांगायचे असते. बेरजेला सव्वाने गुणले की शंभरपैकी गुण मिळतात आणि चाळीस किंवा त्याहून अधिक गुण आले तर त्रास गंभीर आहे असे धरतात. मला ५१.२५ गुण मिळाले. आयुष्यात प्रथमच जास्त गुण मिळाल्याचे वाईट वाटले आणि त्याच क्षणी हायसेही वाटले, कारण जे मी स्वभावातले वैगुण्य समजत होते त्याला मोजपट्टी होती, म्हणजे ते माझ्याआधी पुष्कळ जणींना झालेले होते.

प्रश्नावलीचे मराठी मात्र सुधारायला हवे. ‘उपचारपद्धतीविषयी हतोत्साहित वाटणे’ हे वाक्य वाचून वडणग्याच्या काकी माझ्याकडे पाहू लागल्या. समुपदेशकांनी तत्परतेने सांगितले, ‘म्हणजे काकी, गोळ्या-पथ्याचा वीट आलाय का?’ त्यावर काकी म्हणाल्या, ‘आलाय की. लई दमलो बघा मी.’ (आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी ‘दमलो’, ‘आलो’, ‘जातो’ असेच बोलतात, बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळून जाऊ नये.) असे सोपे मराठी जर समुपदेशकांच्या तोंडी आहे, तर ते छापील कागदावर का नसावे, हे मला समजले नाही.

या ‘दमलो’ शब्दाचे या केंद्राने जे केले, ते या सत्राचे खरे मोल आहे असे माझे मत झाले. एरवी मधुमेही बाई दमले म्हणाली की दवाखान्यात ‘शुगर वाढली असेल’ म्हणतात आणि घरी ‘काम कमी कर’ म्हणतात, आणि दोन्हीकडे चौकशी तिथेच थांबते. इथे समुपदेशन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि जीवनसत्त्व बी-१२ यांच्या तपासण्या करून घ्यायला लावल्या, आणि झोपेत घोरणे, श्वास अडखळून जाग येणे याविषयी विचारले. मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते. मी ती अकरा वर्षे घेत आहे आणि माझे बी-१२ खरोखरच कमी निघाले. दुसऱ्या एकीचे हिमोग्लोबिन पुष्कळ खाली होते. यात नवल नाही, कारण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेमुळे तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, प्रत्यक्ष साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले. जो आकडा वाढला म्हणून ती वर्षभर स्वतःला दोष देत होती, त्यातला काही भाग तिच्या ताटातला नसून रक्तातल्या लोहाचा होता. हे ऐकून ती बाई रडली, आणि बैठकीत रडणारी ती एकटी नव्हती.

शरीराचा थकवा असा वेगळा काढल्यावर जे उरले, त्याचेही दोन भाग करून दाखवण्यात आले. एक म्हणजे नैराश्य, ज्यात कशातच रस वाटत नाही, आणि दुसरा म्हणजे मधुमेहाचाच आलेला मानसिक ताण, ज्यात बाकीचे जगणे ठीक चाललेले असते पण मोजमाप, पथ्य, गोळ्या आणि पुढे काय होईल याची भीती यांनी जीव मेटाकुटीला येतो. मधुमेह असणाऱ्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते आणि त्यातही ते पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक असते, म्हणून पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची दुसरी प्रश्नावलीही भरून घेतात. तिच्यात सत्तावीसपैकी माझे गुण आठ, म्हणजे सौम्य पायरीवरचे. तेव्हा माझा प्रश्न प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचा होता. एका भगिनीच्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात जगणे नकोसे झाल्याचे आले असावे, कारण समुपदेशकांनी बैठक सहायिकेकडे सोपवून तिला आत नेले, त्याच सायंकाळी तिची मानसोपचारतज्ज्ञांशी भेट ठरवून दिली आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ हा शासकीय मदत क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये साठवून दिला. ही तत्परता मी जवळून पाहिली. तिच्याविषयी नंतर गटात एक अक्षरही निघाले नाही, याचेही श्रेय केंद्राला द्यावे लागेल.

गोपनीयतेचे हे भान बैठकीच्या खोलीपुरतेच राहते, हे मात्र नमूद करणे भाग आहे. स्वतंत्र भेटीची खोली आणि प्रतीक्षाकक्ष यांच्यामध्ये प्लायवूडची पातळ भिंत आहे. माझ्या पहिल्या स्वतंत्र भेटीच्या दिवशी बाहेर बसले असताना आतल्या बाईच्या सासरचा सगळा इतिहास मला ऐकू आला आणि नंतर माझी पाळी आली तेव्हा मी आवाज इतका खाली आणला की समुपदेशकांना दोनदा ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागले. मनाविषयी बोलण्यासाठी पैसे घेणाऱ्या संस्थेने आधी भिंत जाड करावी. मी हे लेखी कळवले; सत्र संपेपर्यंत बाहेर एक पंखा मोठ्याने चालू ठेवण्यापलीकडे काही झाले नाही.

चौथी आणि पाचवी बैठक ‘रात्र आणि वय’ या विषयावर होती आणि मला वैयक्तिकरीत्या त्यांचा सर्वाधिक उपयोग झाला. माझे वय एक्कावन्न. रात्री दोन-तीनच्या सुमारास घामाने अंग भिजून, छातीत धडधडून जाग यायची आणि साखर उतरली या भीतीने मी स्वयंपाकघरात जाऊन साखर नाहीतर गूळ खायची. सकाळी उपाशीपोटीचा आकडा वाढलेला असायचा, तो पाहून दिवसाची सुरुवातच स्वतःवर चिडून व्हायची. पाळी जाण्याच्या काळात येणारी गरम लाट आणि साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, धडधड, अस्वस्थता, ही बरीचशी सारखी असतात आणि नुसत्या अंदाजाने ती ओळखता येत नाहीत, हे मला इथे कळले. डॉक्टरांनी सांगितले की खाण्याआधी बोट टोचून पाहा. सत्तरच्या खाली असेल तरच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पुढल्या दोन आठवड्यांत मी सहा वेळा रात्री तपासले आणि सहाही वेळा साखर शंभराच्या वर होती. ग्लुकोमीटरशी असलेले माझे वैर संपवणारी गोष्ट ही होती. तोवर ते यंत्र मला पर्यवेक्षकासारखे वाटायचे, माझ्या चुका टिपणारे. या रात्रींनंतर ते टॉर्चसारखे वाटू लागले. झोपमोड, साखर आणि चिडचिड यांचे चक्र कसे चालते, ताणाच्या वेळी शरीरात पाझरणारी कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके साखर कशी वाढवतात, हेही त्या बैठकींत सांगितले गेले. परंतु रात्रीच्या त्या सहा आकड्यांनी जे पटले ते कोणत्याही व्याख्यानाने पटले नसते.

आहाराच्या बैठकींविषयी मत संमिश्र आहे. पहिल्या बैठकीत वाटलेला तक्ता कुठल्या तरी महानगरी दवाखान्यातून जसाच्या तसा उचललेला होता: ओट्स, ब्रोकोली, ग्रीन टी. ज्या जिल्ह्यात कार्तिक लागला की गुऱ्हाळांचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि पाहुण्याला ‘गुळाचा चहा चालतो की शुगरला’ म्हणून आग्रह होतो, तिथल्या बाईला ब्रोकोलीचे काय करायचे? हे आम्ही बोलून दाखवल्यावर आहारतज्ज्ञांनी, त्यांचे कौतुकच करायला हवे, तक्ता बाजूला सारला आणि पुढच्या दोन बैठकी आमच्या चुलीपाशी आणल्या. गूळ सेंद्रिय असला, कोल्हापुरी असला, तरी रक्तात तो साखरेसारखाच चढतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. जोंधळ्याची भाकरी किती, तांबडा-पांढरा रस्सा असेल त्या रविवारी भात किती, मिसळीबरोबर पाव किती, असे हिशेब झाले. नवरात्राचा उपवास मोडा, असे त्या म्हणाल्या नाहीत. अंबाबाईचे नवरात्र धरणाऱ्या चार जणी गटात होत्या आणि त्यांना ‘सोडून द्या’ म्हटले असते तर त्यांनी केंद्र सोडले असते. त्याऐवजी साबुदाणा आणि रताळी कमी करून वरी, शेंगदाणे, दही, ताक यांचा मेळ कसा घालावा हे सांगितले आणि ज्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या होत्या, त्यांना नऊ दिवसांचा डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घेतल्याशिवाय उपवास धरायचा नाही अशी अट घातली.

तथापि आहाराच्या प्रश्नाचा गाभा ताटात नसून स्वयंपाकघरात आहे आणि तिथे हे सत्र तोकडे पडते. आमच्यापैकी आठ जणी घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करतात. नवऱ्याला मधुमेह झाला की घरादाराचे पथ्य सुरू होते, बाई सकाळी कारल्याचा रस काढते, डबा वेगळा करते. तिला स्वतःला मधुमेह झाला की ती मुलांसाठी पुऱ्या तळून झाल्यावर उरलेल्या कणकेची स्वतःपुरती चपाती लाटते आणि पानात पडलेला शेवटचा जिलेबीचा तुकडा टाकवत नाही म्हणून तोंडात टाकते. शाहूपुरीच्या एका वहिनींनी हे सांगितले तेव्हा नऊही जणी हसल्या आणि मग बराच वेळ कुणी बोलले नाही. या बोलण्याला उत्तर देण्यासाठी कुटुंबीयांची बैठक होती. पण बारा आठवड्यांत ती एकच, तीही दहाव्या शनिवारी, आणि नऊ जणींपैकी दोघींचे पती व एकीची सून एवढेच आले. माझे पती आले नाहीत. त्यांना बँकेत ऑडिट होते. केंद्राने ही बैठक दुसऱ्या आठवड्यात घ्यावी, रविवारी सकाळी घ्यावी आणि शुल्क भरतानाच कुटुंबातील एकाचे नाव लिहून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. थकवा बाईचा आहे, म्हणून तो घालवण्याचे कामही तिनेच एकटीने करायचे, हा हिशेब बाहेरच्या जगात चालतोच. तो इथे तरी चालू नये.

व्हॉट्सअ‍ॅप गटाविषयी स्पष्ट बोलायला हवे. पहिल्या आठवड्यापासून प्रत्येकीने उपाशीपोटीचा आकडा रोज सकाळी गटावर टाकायचा, असा नियम होता. हेतू चांगला असेल. परिणाम असा झाला की सकाळी सात वाजता १०८, ११५ असे आकडे आणि त्याखाली टाळ्यांची चित्रे दिसू लागली आणि ज्यांचा आकडा १९० आला त्या गप्प राहू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात एकीने प्रांजळपणे सांगितले की ती खोटा आकडा टाकते. आकड्याच्या धास्तीने पिचलेल्या बायकांसाठी सुरू केलेल्या सत्राने त्यांना पुन्हा आकड्यांच्या स्पर्धेत उतरवावे, हा विरोधाभास समुपदेशकांच्या ध्यानात आला आणि त्यांनी नियम बदलला; पुढे आकडा फक्त डॉक्टरांना पाठवायचा आणि गटावर काय लिहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. तो बदल आधीच्या तुकडीच्या अनुभवावरून पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. दंडाला लावायच्या चौदा दिवसांच्या ग्लुकोज सेन्सरचाही आग्रह झाला. मी एकदा लावून पाहिला. माहिती उत्तम मिळते, पण दर पाच मिनिटांनी मोबाइल पाहण्याची खोड लागते, आणि माझ्यासारखीला ती परवडणारी नाही, पैशाने तर नाहीच. समुपदेशकांनी यावर ‘नको असेल तर नका लावू’ म्हटले, स्वागतकक्षातल्या मुलीने मात्र तीनदा विचारले. त्याच टेबलावर मधुमेहींसाठीच्या प्रथिन-भुकटीचे डबेही विकायला ठेवलेले असतात. ते तिथून हलवावेत.

श्वसनाचे व्यायाम आणि शिथिलीकरण प्रत्येक बैठकीच्या शेवटी दहा मिनिटे असते. ते बरे वाटते, पण त्यासाठी कुणी ४,८०० रुपये मोजावेत असे नाही. सकाळी रंकाळ्यावर एक फेरी मारली तरी तितकेच बरे वाटते.

पावसाचा मुद्दा कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण केंद्राला सांगावा लागला. जुलैअखेर राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, तेव्हा वडणगे आणि शिये भागातल्या तिघी येऊ शकल्या नाहीत. त्यांची बैठक बुडाली आणि पैसेही बुडाले, असे सुरुवातीला सांगण्यात आले. बाकीच्यांनी आवाज उठवल्यावर तिघींना फोनवरून अर्धा-अर्धा तास देण्यात आला. महाद्वार रोडवरील दुकानात काम करणारी एक भगिनी मात्र चौथ्या आठवड्यानंतर आलीच नाही, कारण शनिवारी दुपारी मालक सोडत नाही. ज्यांना या सेवेची सर्वाधिक गरज आहे, अशा कष्टकरी बायकांना शनिवार दुपार आणि ४,८०० रुपये हे दोन्ही परवडत नाही.

आता परिणाम. बाराव्या आठवड्यात प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा माझे गुण ५१.२५ वरून २८.७५ वर आले होते. एचबीएवनसी ८.४ वरून ७.८ झाले, म्हणजे उद्दिष्टापासून ते अजून दूर आहे, आणि यातला किती भाग बी-१२ च्या इंजेक्शनांचा, किती रात्रीचा गूळ बंद झाल्याचा आणि किती बोलण्याचा, हे सांगता येणार नाही. वडणग्याच्या काकींचा आकडा फारसा हलला नाही. त्या रोज गोळ्या घेऊ लागल्या आहेत, आणि पूर्वी त्या आठवड्यातून दोन-तीन दिवस गोळ्यांना ‘सुट्टी’ देत असत, हे त्यांनी डॉक्टरांना नव्हे तर आम्हाला सहाव्या बैठकीत सांगितले होते.

नुकताच मधुमेह निघालेल्या आणि आहाराची प्राथमिक माहिती हवी असलेल्या स्त्रीने इथे येऊ नये. तिला हे महाग पडेल आणि आम्हा जुन्या बायकांचे बोलणे ऐकून ती घाबरेलही. ज्यांना आजार होऊन पाच-दहा वर्षे झाली आहेत, ज्यांना सगळे माहीत आहे पण आता होत नाही, त्यांनी पहिल्या दोन स्वतंत्र भेटी तरी घ्याव्यात. त्या ६०० रुपये प्रत्येकी दराने सत्राशिवायही मिळतात, ही गोष्ट स्वागतकक्षात आपणहोऊन सांगत नाहीत, विचारावी लागते. जाताना शक्यतो शेवटची वेळ मागून घ्यावी, म्हणजे भिंतीपलीकडे कुणी बसलेले नसते.

मी दुसऱ्या सत्रासाठी नाव नोंदवलेले नाही. जुन्या तुकड्यांची महिन्यातून एकदा बैठक होते, तिचे सहा महिन्यांचे पैसे मात्र भरले आहेत, आणि पुढच्या बैठकीला पतींना घेऊन जाणार आहे. ऑडिट संपले आहे, याची मी खात्री करून घेतली आहे.